चित्र येत नाही म्हणता? मग दारात बसा

प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो. "कलेची खूप आवड आहे, पण चित्र काढता येत नाही. प्रदर्शनं बघते, फोनमध्ये शेकडो चित्रं साठवली आहेत. पण रोजच्या जगण्यात कला आणायची तर सुरुवात कुठून करू?" विचारणारे विशी-बाविशीतले असतात. भिंतीवर कुठला प्रिंट लावावा नाहीतर कुठला ऑनलाइन कोर्स करावा, असं काहीतरी ऐकायला मिळेल अशी त्यांची अपेक्षा असते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: पांढऱ्या रांगोळीचा एक किलोचा पुडा आणा आणि उंबरठ्याबाहेर बसा.

रांगोळी म्हणजे दिवाळीतलं काम, हे आधी डोक्यातून काढा. रोज काढायची, दोन वितींच्या जागेत, दहा-बारा मिनिटांत. वात्स्यायनाच्या ६४ कलांच्या यादीत तांदूळ आणि फुलांनी आकृत्या रचण्याची कला वेगळी मोजलेली आहे, म्हणजे तिला कला म्हणावं की नाही याची काळजी तुम्ही करायची गरज नाही. "दुपारपर्यंत पुसली जाणार, मग एवढी मेहनत कशाला?" असंही विचारतात. नवशिक्याला तर तीच सोय. कोऱ्या कॅनव्हासपुढे हात आखडतो, कारण बिघडलं तर ते घरात राहणार. इथे बिघडलेली पाकळी उद्या सकाळी केरात जाते.

आता पूड. बाजारातली रांगोळी म्हणजे शिरगोळ्याच्या दगडाची पूड. कोकणात भाताची फोलपटं जाळून त्यांची पांढरी राखही वापरत आले आहेत. दुकानात पुडा हातात घेऊन बोटांत चोळून बघा. बारीक रव्यासारखी किंचित खरखरीत लागली तर घ्या. मैद्यासारखी मऊ असेल तर ती बोटांना चिकटते, चिमटीतून गठ्ठ्याने पडते आणि जरा वारा आला की उडते. पुष्कळांची रेघ पहिल्या दिवशी बिघडते ती हातामुळे नाही, या मऊ पुडीमुळे. घरात तशीच पूड असेल तर चाळलेली बारीक वाळू तिच्यात मिसळा, तीन वाट्या पुडीला एक वाटी. पावसाळ्यात पूड दमट होऊन तिच्या गुठळ्या होतात. ऊन पडलं की ताटात पसरून वाळवा, पिठाच्या चाळणीने चाळा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. मीठ वापरायचा सल्ला कुणी दिला तर जुलै-ऑगस्टमध्ये तो मुळीच ऐकू नका, संध्याकाळपर्यंत दारात पाणी सुटतं. रोजच्या छोट्या रांगोळीला जेमतेम तीन चमचे पूड लागते. किलोभर पुडा दीड-दोन महिने सहज पुरतो.

खरं काम चिमटीत आहे, त्यामुळे इथे थोडं थांबू. पूड अंगठा आणि तर्जनीत धरायची, मधलं बोट तर्जनीला खालून आधाराला. बोटांची टोकं जमिनीकडे. अंगठा तर्जनीवर अगदी हलका घासत राहायचा, कोशिंबिरीवर मीठ भुरभुरवतो तसा, पण थेंबाथेंबाने नाही तर अखंड. बोटं जमिनीपासून एक-दीड सेंटिमीटर वर. त्याहून वर गेली की पूड पसरते आणि रेघेची कड धूसर होते. खाली टेकली की आपणच काढलेली रेघ आपणच नांगरतो. एका चिमटीत साधारण वीतभर रेघ निघते. त्याहून लांब ओढायचा हट्ट धरला की शेपूट बारीक होत जातं.

रेघेची जाडी पुडीवर नाही, हाताच्या वेगावर ठरते. पूड तेवढीच सुटते, हात सावकाश गेला तर रेघ जाड, भरभर गेला तर बारीक. म्हणून रेघेच्या दोन्ही टोकांना जो गोळा जमतो, तो टाळायची युक्ती अशी: आधी हात हलवायला लागा, मग पूड सोडा. संपवताना आधी बोटं मिटा, मग हात थांबवा. नवी चिमूट घेतल्यावर तुटल्या जागेच्या अर्धा सेंटिमीटर मागून सुरू करा, म्हणजे सांधा दिसत नाही. लांब वळण कोपरातून आणि खांद्यातून वळतं, मनगटातून नाही. मनगट टेकवून काढलेलं वर्तुळ हमखास बटाट्यासारखं होतं. रेघ स्वतःकडे ओढत आणा, पुढे ढकलू नका. उजव्या हाताने काढत असाल तर डावीकडून उजवीकडे या, नाहीतर हात ओल्या शाईवर फिरावा तसा काढलेल्या भागावर फिरतो. ओढणी किंवा पदर आधी खोचून घ्या. रांगोळी जितक्या वेळा पावलांनी पुसली जाते, तितक्याच वेळा ती काढणाऱ्याच्या ओढणीने पुसली जाते.

पहिले पंधरा दिवस फूल नाही, पक्षी नाही. वीतभर लांबीच्या दहा समांतर रेघा, मध्ये एका बोटाचं अंतर. मग लाटा, मग चंद्रकोर, मग दोन कोरी जोडून पाकळी. कंटाळवाणं आहे, मान्य. पण बोटांना पूड कळली की पुढचं सगळं सोपं.

जागेचंही बघायला हवं. शेणाने सारवलेली जमीन खरखरीत असते, ती पूड धरून ठेवते. गुळगुळीत लादीवर मात्र रेघ घसरते आणि फिकट लादीवर पांढरी दिसतही नाही. त्यासाठी गेरू. पाण्यात ताकापेक्षा दाट, दह्यापेक्षा पातळ कालवायचा, फडक्याने एकाच दिशेने फिरवायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा, पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटं. घाई केली तर पांढरी रेघ ओल शोषून गुलाबीसर, डागाळलेली होते. पांढऱ्या संगमरवरावर गेरू लावू नका, दगड तो पितो आणि डाग जाता जात नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी सगळ्यात चांगला उपाय म्हणजे कडप्प्याचा तुकडा. ओट्याचं काम करणाऱ्यांकडे फूट-दीड फुटाचे तुकडे पडलेले असतात, कडा घासून घ्या. काळ्या दगडावर पांढरी रेघ जी उठते ती कुठल्याच रंगाने उठत नाही, आणि सोसायटीत कुणी कुरकुर केली तर दगड उचलून आत घेता येतो. परदेशात कॉरिडॉरमध्ये काही ठेवू देत नसतील तर दाराच्या आतल्या बाजूला हाच दगड किंवा एखादी काळी फरशी चालते.

आता ठिपके. चित्र येत नाही म्हणणाऱ्याला ठिपके फार मदत करतात, कारण अवघड प्रश्न म्हणजे कुठली गोष्ट कुठे ठेवायची, तो ठिपक्यांनी आधीच सोडवलेला असतो. "सात ते चार"ने सुरुवात करा. मधल्या ओळीत सात, तिच्या वर रिकाम्या जागांच्या समोर सहा, मग पाच, मग चार, आणि खालीही तसंच. एकूण ३७. बघत राहिलात की त्यात मधला एक ठिपका आणि त्याभोवती तीन कडी दिसतील, सहाचं, बाराचं आणि अठराचं. प्रत्येक कडं षट्कोनी.

मधल्या ठिपक्यातून सहा पाकळ्या काढा. प्रत्येक पाकळी पहिल्या कड्यातल्या एका ठिपक्याला पोटात घेऊन त्याच दिशेच्या दुसऱ्या कड्याच्या कोपऱ्यावर मिटते. आता लगतच्या दोन-दोन पाकळ्यांमधल्या खाचेसमोर दुसऱ्या कड्यातला एकेक ठिपका एकटा उरतो. त्याच्यापासून बाहेरच्या कड्यातल्या लगतच्या दोन ठिपक्यांकडे दोन छोटी पानं काढा. शेवटी पाकळीच्या टोकापासून बाहेरच्या कोपऱ्याच्या ठिपक्यापर्यंत एक देठ. झालं. ३७ पैकी एकही ठिपका रिकामा राहत नाही. ठिपक्यांच्या रांगोळीचा कस इथेच लागतो: एखादा ठिपका अनाथ राहिला असेल तर नक्षीत कुठेतरी चूक आहे.

यात नेहमी बिघडणारी गोष्ट म्हणजे ओळींमधलं अंतर. ठिपक्यांत तीन सेंटिमीटर अंतर ठेवलं, तर दोन ओळींतही तीनच ठेवायचं असं सगळ्यांना वाटतं. मग फूल उभट होतं, वरच्या-खालच्या पाकळ्या लांबतात आणि बाजूच्या आखूड राहतात. ओळींमध्ये अंतर लागतं २.६ सेंटिमीटर, कारण शेजारच्या तीन ठिपक्यांचा त्रिकोण समभुज असला पाहिजे. पट्टी घेऊन बसू नका. काडेपेटीतली काडी तीन सेंटिमीटरवर तोडा. वरच्या ओळीतला ठिपका खालच्या दोन्ही ठिपक्यांपासून काडीएवढा लांब असला की बास.

दुसरी चूक डाव्या टोकापासून सुरू करण्याची. प्रत्येक ठिपका दोन-दोन मिलिमीटरने जरी सरकला तरी पंधराव्या ठिपक्यापर्यंत २८ मिलिमीटरची चूक साठते, म्हणजे जवळजवळ एक अख्खं घर. मधला ठिपका आधी, मग दोन्हीकडे एकेक. चूक दोन्ही बाजूंना वाटली जाते आणि डोळ्याला खुपत नाही.

"पंधरा ते आठ"पर्यंत पोचलात की १६९ ठिपके होतात, तेव्हा कागद करून घ्या. जुन्या कॅलेंडरचा जाड कागद, पेन्सिलीने जाळी आखून प्रत्येक ठिपक्यावर पेटती उदबत्ती टेकवायची. भोकाची कड जळून कडक होते, तिला तुसं येत नाहीत. सुईने पाडलेली भोकं दोन दिवसांत मिटतात. तीन सेंटिमीटरच्या अंतराने ही जाळी ४२ रुंद आणि साधारण साडेछत्तीस सेंटिमीटर उंच होते, कडेला चार बोटं कोरा कागद सोडा. कागदावर पूड टाकून तळव्याने फिरवायची आणि कागद सरळ वर उचलायचा. कडेने सोलून काढलात की सगळे ठिपके धूमकेतू.

ठिपके जोडण्याऐवजी त्यांच्याभोवती अखंड रेघ फिरवत नेण्याची तमिळ कोलमची रीतही जमली तर करून बघा. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात गिफ्ट सिरोमनी आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात या कोलमांचा अभ्यास संगणकशास्त्रातल्या व्याकरणांच्या, म्हणजे छोट्या तुकड्यांतून अख्खी नक्षी रचणाऱ्या नियमांच्या, अंगाने केला. दारात बसणाऱ्या बायका ती व्याकरणं केव्हापासून तोंडपाठ वापरत होत्या.

रंगांबद्दल थोडक्यात. नुसता रंग फार मऊ असतो, एका वाटीला दोन-तीन वाट्या पांढरी रांगोळी मिसळा. आधी रंग भरा, मग पांढरी बाह्यरेषा पुन्हा काढा. सपाट भाग चहाच्या गाळणीने छान भरतो. पांढऱ्याशिवाय तीन रंग पुरे. सातवा रंग उघडायचा मोह झाला तर समजा की रेषेत काहीतरी कमी पडलंय. शेवटी हळद-कुंकवाची चिमूट वाहतात, रोजच्या रांगोळीला तेवढा रंग मला तरी पुरेसा वाटतो.

साचे, छाप, रोलर यांवर माझा राग नाही, लग्नघरात वीस फुटांची किनार हाताने कोण काढणार? पण रोलरने बोटं शिकत नाहीत, आणि पूड जरा दमट असली की त्याची भोकं बुजून अर्धीच नक्षी उमटते. स्टिकर मात्र नको. धुळीने कडा उचलल्या जाऊन तो सहा महिन्यांत कळकट होतो, आणि त्याच्याकडे दुसऱ्या दिवसापासून कुणी बघतही नाही.

ठिपके सुटू लागले की चिन्हांकडे या. चातुर्मासात रोज ३३ गोपद्मं, म्हणजे गाईच्या पावलांची चिन्हं, काढण्याचं व्रत आहे. श्रद्धा बाजूला ठेवली तरी एकच आकार ३३ वेळा सारखा काढणं यासारखा सराव नाही. तेहतिसावं पहिल्याशी ताडून बघा. लक्ष्मीची पावलं तांदळाच्या पिठाच्या पाण्यात मुठीची करंगळीकडची बाजू बुडवून उमटवतात आणि बोटाच्या टोकाने पाच ठिपके देतात. एक डाव्या मुठीने, एक उजव्या. एकाच मुठीने सगळी काढली तर लक्ष्मीला दोन्ही पाय एकाच बाजूचे मिळतात. बोटं घराच्या दिशेने हवीत, हे सांगायला नको, पण दिवाळीत दर इमारतीत एखादी लक्ष्मी बाहेर निघालेली दिसतेच.

आणि चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रांगण. पाळण्यातली गौर, सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, तुळशी वृंदावन, कासव, नाग, गाय-वासरू, आंबे, करंडा-फणी. इथे ठिपके नाहीत, सममिती नाही, अख्खं अंगण भरायचं. चित्र येत नाही म्हणणाऱ्यांनी वर्षभर चिमूट घोटून इथे यावं. गौर मध्यभागी ठेवून चारी कोपरे आधी रेखा, नाहीतर गाय-वासरू मोठं होतं आणि कासवाला जागाच उरत नाही.

पुसताना आधी कोरड्या केरसुणीने सुपलीत भरून घ्या, मगच ओलं फडकं. उलट केलंत तर लादीवर पांढरा थर वाळतो आणि दुसऱ्या दिवशीची रेघ त्यावर उठत नाही. ही दगडाची पूड आहे, पाण्यात विरघळत नाही, म्हणून ती बादलीने मोरीत ढकलू नका. जाळीखाली साचून घट्ट बसते.