आधी बघा, मग राउटर बंद करा

सोलापुरातल्या लहान कार्यालयांची आणि कारखान्यांची नेटवर्क सांभाळणे हे माझे रोजचे काम आहे. ‘नेट बंद पडले’ असा फोन येतो, तोपर्यंत समोरच्याने राउटर एकदा तरी बंद करून चालू केलेला असतो, हे मी आता गृहीतच धरतो. पुष्कळदा तेवढ्यावर काम भागते. पण ते का भागले हे कळत नाही आणि चार दिवसांनी तोच बिघाड पुन्हा हजर होतो. शिवाय बिघाडाच्या क्षणी कोणता दिवा लाल होता, संगणकाला कोणता आयपी पत्ता (नेटवर्कमधली त्याची ओळख ठरवणारा क्रमांक) मिळाला होता, ही माहिती बटण दाबताच पुसली जाते. म्हणून माझा आग्रह एवढाच असतो, की आधी बघावे आणि मग हात लावावा.

बिघाड एकाच संगणकावर आहे की सगळ्यांवर, हे सर्वांत आधी ठरवावे. त्यासाठी त्याच वाय-फायवर मोबाइल जोडून पाहता येतो, मात्र मोबाइल डेटा आठवणीने बंद करावा. नाहीतर फोन गुपचूप सिमकार्डाच्या नेटवर जातो आणि आपण वाय-फाय ठीक असल्याचे समजून बसतो. सगळ्यांचेच बंद असेल, तर फायबरच्या डब्यावरचे दिवे पाहावेत. ‘पॉन’चा, म्हणजे कंपनीच्या फायबर जाळ्याशी जोडणी दाखवणारा, दिवा स्थिर हिरवा असणे अपेक्षित आहे. ‘एलओएस’चा दिवा लाल झाला असेल, तर फायबरमधून प्रकाशच येत नाही आणि अशा वेळी संगणकाच्या सेटिंगमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. डब्यात येणारी बारीक केबल कपाटामागे करकचून दुमडली आहे का किंवा उंदराने कुरतडली आहे का, एवढे पाहून सरळ तक्रार नोंदवावी, आणि ती नोंदवताना ‘एलओएस लाल आहे’ हे स्पष्ट सांगावे.

एकाच संगणकाचे दुखणे असेल, तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्यावी. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर तो संगणकाने स्वतःच घेतलेला पत्ता असतो. राउटरकडे पत्ता मागूनही उत्तर आले नाही, असा त्याचा अर्थ. मग शोध केबल, स्विच (एका केबलवर अनेक संगणक जोडणारा डबा) आणि वाय-फायची जोडणी एवढ्यापुरताच उरतो. पत्ता १९२.१६८ सारखा नेहमीचा असेल, तर त्याच यादीत ‘डिफॉल्ट गेटवे’समोर दिसणाऱ्या पत्त्याला, म्हणजे आपल्याच राउटरला, पिंग करावे, म्हणजे ‘पिंग’ या आज्ञेपुढे तो पत्ता देऊन उत्तर येते का पाहावे; तिथून उत्तर आले, तर ८.८.८.८ या इंटरनेटवरच्या गूगलच्या पत्त्याला पिंग करावे आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाचे नाव देऊन पाहावे. ८.८.८.८ उत्तर देते पण नाव दिल्यावर काहीच सापडत नाही, अशी स्थिती असेल तर लाइन चांगली आहे आणि नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा अडली आहे. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरल्यावर हा प्रकार बहुधा मिटतो. काही यंत्रे पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत, त्यामुळे एकाच पत्त्यावरून निकाल लावू नये.

खरी परीक्षा घेतो तो येणारा-जाणारा बिघाड. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्यात शेडमधला संगणक ऐन मे महिन्यात दुपारी नेटवर्कमधून गळायचा आणि दिवस कलला की आपोआप परत यायचा. मालकांचे मत असे, की दुपारी साऱ्या गावाचा भार लाइनवर पडतो. ‘पिंग’च्या आज्ञेला ‘हायफन टी’ जोडले, की आपण थांबवेपर्यंत पिंग चालू राहते. तसे ते कार्यालयातल्या आणि शेडमधल्या अशा दोन्ही संगणकांवरून राउटरकडे सोडून ठेवले. दुपारी कार्यालयातली उत्तरे अखंड येत राहिली आणि शेडमधल्या पडद्यावर मात्र ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’च्या ओळी उमटू लागल्या, म्हणजे गावाच्या लाइनचा यात काहीच संबंध नव्हता. शेडमधला स्विच पत्र्याच्या छताला लागून असलेल्या लोखंडी पट्टीवर ठेवलेला होता; त्याच्या हवेच्या फटी मागांवरून उडणाऱ्या सुताच्या लवेने पूर्ण बुजल्या होत्या आणि त्यावर हात ठेववत नव्हता. सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याखाली काय होत असेल याची कल्पना करावी. ब्लोअरने स्विच साफ करून तो कार्यालयाच्या भिंतीवर कमरेइतक्या उंचीवर आणल्यावर दुपारचे गळणे थांबले. बिघाडाची वेळ कागदावर लिहून ठेवा असे मी सांगतो, ते यासाठीच.

केबलबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. तांब्याच्या लॅन केबलची मर्यादा १०० मीटर आहे आणि लांब शेडमध्ये वळणे घेत जाताना ती सहज ओलांडली जाते. शिवाय मोटारीच्या वीजवाहिनीला चिकटवून ती नेली, तर त्रास वाढतो. दुसरे म्हणजे, गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएस, वेगासाठी केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, तर १०० एमबीपीएस दोनच जोड्यांवर चालते. त्यामुळे उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार कनेक्टरमध्ये सुटली, की नेट बंद न पडता जोडणी निमूटपणे १०० वर उतरते आणि ‘नेट हळू झाले’ अशी तक्रार येते. नवा प्लॅन घेण्याआधी कनेक्टर नव्याने क्रिंप करून, म्हणजे पकडीने केबलवर दाबून बसवून, पाहणे फार स्वस्त पडते.

वाय-फायचे थोडक्यात सांगतो. पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झची लहर फारशी पार होत नाही, २.४ ची होते, पण शेजाऱ्यांचे राउटरही त्याच पट्ट्यात असतात. त्या पट्ट्यातल्या चॅनेलपैकी, म्हणजे त्याच्या लहान भागांपैकी, १, ६ आणि ११ हेच एकमेकांवर चढत नाहीत, म्हणून त्यांपैकी सर्वांत मोकळा निवडावा.

आणखी एक फसवा प्रकार आहे. पिंग उत्तम चालते, नावेही सापडतात, पण बँकेचे किंवा जीएसटीचे पान उघडताना सुरक्षिततेचा इशारा येतो. अशा वेळी आधी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहावी. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरचा सेल संपला, की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते आणि संकेतस्थळाचे प्रमाणपत्र त्या तारखेला वैध ठरत नाही. तारीख दुरुस्त करताच पाने उघडतात. तो सेल बहुधा सीआर२०३२ या क्रमांकाचा, नाण्याच्या आकाराचा असतो. तो बदलला नाही, तर पुढच्या वेळी वीज गेल्यावर तारीख पुन्हा घालावी लागते.