खेळाच्या तासाला गणित का नाही?

"बाई, खेळाचे आणि चित्रकलेचे तास गणिताला दिले तर मुलं पुढं नाही का जाणार?" पालकसभेत हा प्रश्न हमखास येतो. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

डहाणू तालुक्यातल्या आमच्या द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी माझ्याकडे आहे. शिक्षण हक्क कायद्यात कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकांची, म्हणजे अर्धवेळ शिकवणाऱ्यांची, तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी, तीही पट १०० च्या वर असेल तर. खालच्या वर्गांना सगळं वर्गशिक्षकानंच घ्यायचं. सुरुवातीची काही वर्षं मी ते घेतलंच नाही. चेंडू द्यायचा, 'खेळा' म्हणायचं आणि पोषण आहाराच्या नोंदी लिहायला बसायचं.

एकदा वही मिटून नुसती बघत राहिले. ३० मुलं, एक चेंडू. चार-पाच दांडगी मुलं सोडली तर बाकीच्यांच्या हाताला तो अख्ख्या तासात लागला नाही. लंगडीतही तेच. जो सगळ्यात आधी बाद होतो, तोच सगळ्यात जास्त वेळ कडेला बसतो. ज्याला सराव हवा त्यालाच तो मिळत नाही. वजाबाकी न येणाऱ्या मुलाला मी असं बाहेर बसवलं असतं का?

मग जुन्या मोज्यांत चिंध्या कोंबून प्रत्येकाला एक चेंडू केला. वर उडवून झेलायचा. जमलं की मधे एक टाळी, मग दोन. लंगडीत बाद झालेल्यानं कडेला १० उड्या मारायच्या आणि परत आत यायचं. डाव्या पायाची लंगडी वेगळी घेते, कारण उजव्यावर तुरुतुरु पळणारं मूल डाव्यावर तिसऱ्याच पावलाला कोलमडतं.

चित्रकलेत तर माझी चूक जास्त मोठी होती. फळ्यावर दोन डोंगर, मधे सूर्य, खाली झोपडी, आणि ३० वह्यांत तीच झोपडी. हे कुठे, तर ज्या तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना वारली चित्रांसाठी २०११ साली पद्मश्री मिळाली, तिथे! लग्नात घराच्या भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं वारली चित्र, लिहिताना बघणाऱ्या मुलांना मी झोपडी शिकवत होते. आता गावातल्या एका आजींना बोलावते. त्या तांदूळ वाटून घेतात, काडीचं टोक चावून कुंचला करून देतात, आणि मुलं गेरू फासलेल्या पुठ्ठ्यावर काढतात. टोकाला टोक लावून दोन त्रिकोण, की माणूस उभा. दुसरीतल्या एका मुलीनं गेल्या महिन्यात आमचाच खेळ काढला. चेंडू वर उडालेला आणि खाली सगळ्यांचे हात टाळीला जुळलेले.

गणित मी बुडवत नाही. सकाळी पहिल्यांदा तेच घेते, मुलं ताजी असताना. पण हे तास त्याला देणार नाही. घरी जुने मोजे असतील तर मात्र पाठवा. यंदा पहिलीत ११ नवी मुलं आली आहेत.