सहा नंबरची ट्राम आणि एक ‘उदाहरणार्थ’

दर शनिवारी सकाळी आम्ही स्वित्झर्लंडच्या बाझलमधली देशी मंडळी जर्मनीत भाजी आणायला जातो. हसू नका. सहा नंबरची ट्राम रीहेनच्या सीमेवर सोडते, पुढे चालत लोराख, आणि दह्यापासून चिकनपर्यंत सगळं तिथे स्वस्त. येताना जर्मन कस्टमच्या खिडकीत हिरव्या पावतीवर शिक्का घ्यायचा, म्हणजे तिथला कर परत मिळतो. 2025 पासून स्विस सरकारने करमुक्त खरेदीची मर्यादा माणशी 300 फ्रँकवरून 150 वर आणली, तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जणू कुणी मिठावर कर बसवला होता.

गेल्या शनिवारी ट्राम रीहेन गावातच थांबली. पुढे रुळांचं काम. पिशवी घेऊन चालत निघालो, पाऊस आला, आणि रेल्वेलाइनच्या कडेला एक जुनं, गेटमनचं म्हणावं असं घर दिसलं, तिथे शिरलो. आत दुसऱ्या महायुद्धात ही सीमा ओलांडू पाहणाऱ्या निर्वासितांचं स्मारक आहे. सात वर्षं मी याच्या बाजूने कोबी वाहून नेतोय.

घरी येऊन वाचत बसलो. नाझी ज्यूंना मारत होते हे आपण शाळेत शिकतो. ज्यांनी मारलं नाही त्यांनी काय केलं, हे कुणी शिकवत नाही. 1938 मध्ये जर्मनीने ज्यूंच्या पासपोर्टवर लाल ‘जे’ उमटवायला सुरुवात केली, ती स्विस अधिकाऱ्यांशी वाटाघाटी करून. स्विसांना सीमेवर माणूस पटकन ओळखता यायला हवा होता. आणि 13 ऑगस्ट 1942 चं स्विस पोलीस खात्याचं परिपत्रक. त्यात म्हटलंय की केवळ वंशामुळे पळून आलेले, उदाहरणार्थ ज्यू, हे राजकीय निर्वासित धरले जाणार नाहीत.

उदाहरणार्थ! मी हा शब्द दहा वेळा वाचला असेल. द्वेषाचं भाषण असतं तर एवढं लागलं नसतं. हा साधा कारकुनी शब्द आहे. सोसायटीच्या नोटिशीत असतो तसा, ‘ओला कचरा, उदा. भाजीची देठं’. तोवर पूर्वेकडे ज्यूंचं काय चाललंय याच्या बातम्या राजधानी बर्नपर्यंत पोचलेल्या होत्या. पुढे युद्धकाळातल्या स्विस कारभाराची चौकशी करणाऱ्या बर्जिए आयोगाने तपासलं तेव्हा युद्धकाळात परत पाठवलेल्यांचा आकडा 20,000 च्या वर निघाला. सगळे ज्यू नव्हते, पण ज्यूंना परत पाठवणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. सेंट गालेनचा पोलीसप्रमुख पाउल ग्र्युनिंगर याने कागदांवर मागच्या तारखा घालून शेकडो माणसं आत घेतली. 1939 मध्ये त्याला नोकरीवरून काढलं. 1972 मध्ये तो गेला आणि कोर्टाने त्याला निर्दोष ठरवलं 1995 मध्ये. रविवारी बाटल्या कचऱ्यात टाकल्या म्हणून मला शेजारीण रागावते, त्या देशात नियम मोडणारा हा एकच माणूस मला मनापासून आवडला.

गंमत म्हणजे याच ट्रामने उलट गेलं की बारफ्युसरप्लात्झ लागतो, आणि तिथलं श्टाटकासिनो. 1897 च्या ऑगस्टमध्ये थिओडोर हर्झलने पहिली झायोनिस्ट परिषद, म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंना स्वतःचं घर हवं म्हणणाऱ्यांची, तिथे भरवली. खरं तर म्युनिकला भरायची होती. तिथल्या ज्यूंनीच विरोध केला. आम्ही जर्मन आहोत, वेगळा देश कशाला मागता? म्युनिकच्या ज्यूंचं पुढे काय झालं ते माहीत असल्यामुळे आपण आज शहाणे.

मला जास्त छळतं ते 1903. त्या वर्षी एप्रिलमध्ये रशियन साम्राज्यातल्या किशिनेव्हला दंगल झाली, 49 ज्यू मारले गेले. ऑगस्टमध्ये हर्झल बाझलच्या परिषदेला आला तो ब्रिटिशांचा प्रस्ताव घेऊन: ज्यूंना पूर्व आफ्रिकेत जमीन देतो. ‘युगांडा’ म्हणत, पण ती जागा आजच्या केनियात आहे. त्याचा सहकारी नोर्डाऊ म्हणाला, हा रात्रीपुरता निवारा समजा. नुसती पाहणी समिती पाठवायचा ठराव 295 विरुद्ध 178 मतांनी मंजूर झाला आणि रशियातले प्रतिनिधी उठून बाहेर गेले. काही जमिनीवर बसून रडले, जेरुसलेमचं मंदिर पडल्याचा शोक करतात तसे. खुद्द किशिनेव्हच्या प्रतिनिधींनीही विरोधात मत दिलं. गळ्यात फास असूनही हे नको म्हणतात, असं हर्झल म्हणाल्याचं सांगतात. पुढच्या वर्षी तो वारला, 1905 मध्ये प्रस्तावही बारगळला.

मी हर्झलच्या बाजूचा. घर जळत असताना पत्ता काय विचारता? पण मी पगारासाठी देश सोडलेला माणूस, मला कुठलीही जागा चालते. आणि दोन्ही नकाशांवर आधीच माणसं राहत होती. आफ्रिकेतल्यांना कुणी विचारलं नाही, पॅलेस्टाइनमधल्या अरबांनाही नाही. 1948 मध्ये त्यांच्यातले सात लाखांवर बेघर झाले.

सोमवारी हे सगळं जेवताना एका स्विस सहकाऱ्याला ऐकवलं, आणि वर म्हटलं, आमच्या कोकणात ज्यूंना कधी कुणी बोट लावलं नाही. मी अलिबागचा. आमच्याकडे इस्रायल आळी आहे, नवगावला त्यांचे पूर्वज किनाऱ्याला लागल्याची जागा आहे. धंदा तेलाचा, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. आजीच्या तोंडी त्यांच्या मालिद्याची, म्हणजे गोड पोह्यांच्या प्रसादाची, गोडी होती. 1897 च्या परिषदेचं आमंत्रण आपल्या बेने इस्रायलींनाही, म्हणजे या कोकणी ज्यूंनाही, होतं आणि त्यांनी नाकारलं. देव नेईल तेव्हा जाऊ.

“मग नंतर इस्रायलला का गेले?” त्याने विचारलं.

मी म्हटलं, श्रद्धेमुळे. ते खरंही आहे. मग मीच चिडून सांगत बसलो की 1962 च्या सुमारास तिथल्या रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, लग्नासाठी आमच्या पेणकर-रोहेकरांकडे पिढ्यांचे पुरावे मागितले, धरणे-आंदोलनं झाली, 1964 मध्ये सरकार त्यांच्या बाजूने उभं राहिलं तेव्हा कुठे वाद निवळत गेला. म्हणजे आम्ही चांगले, ते वाईट. तो ऐकून घेत होता. त्याच्या देशाने काय केलं हे त्याला माझ्याआधी ठाऊक होतं, 1995 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितल्याचंही. मला मात्र इस्रायल आळीतून कोण कोण गेलं, त्यांतलं एक नावही सांगता आलं नाही.

रात्री आईला फोन करून विचारलं. तिने चार आडनावं सांगितली आणि पाचव्याला अडली. “थांब, ताईला विचारते,” म्हणाली. “त्यांच्याकडून आम्ही खोबरेल घ्यायचो.”