हेरल्डच्या चाकाची टोपी

दाभोळ–धोपावे फेरीबोटीतून उतरून ती स्टँडर्ड हेरल्ड शृंगारतळीला आमच्या गॅरेजात आली, तेव्हा उजव्या पुढच्या चाकातून आवाज येत होता. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा, चर्र. मद्रासला बनलेली चार दारांची गाडी, ९४८ सीसी, नीट जपलेली. मालक म्हणाले, "पावसाळ्याआधी एका ठिकाणी बेअरिंगं ग्रीस करून घेतली होती. आता ब्रेकही एका बाजूला ओढतो."

गाडी घोडीवर घेतली. चाक वर-खाली धरून हलवलं तर खेळ, म्हणजे ढिलेपणा, होता. पोऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगितला, खेळ गेला. म्हणजे दोष बेअरिंगचा. हेरल्डमध्ये ही तपासणी टाळू नये, कारण खालच्या पितळी ट्रनियनचा, म्हणजे चाक वळताना ज्यावर फिरतं त्या सांध्याचा, खेळही हाताला असाच लागतो. (त्या ट्रनियनला ग्रीस नाही, ईपी ९० गिअर ऑइल घालायचं. ग्रीस खालच्या आट्यांपर्यंत पोचत नाही, तिथे पाणी साचतं आणि त्यात बसणारी उभी लिंक गंजून तुटते.)

चाक काढलं आणि हबचं (चाकाच्या मधल्या भागाचं) तोंड झाकणारी टोपी समोर आली. डोक्यावर, मध्यापासून जरा बाजूला, हातोडीचा खोल पोचा. काठ एका अंगाला हबला टेकलेला, दुसऱ्या अंगाला नखभर उघडा, आणि त्या फटीत एम-सील थापलेलं. एम-सील तडकून सुटलं होतं.

टोपी काढून आतून उजेडात धरली. पोच्याच्या जागी पत्र्यावर चकचकीत ओरखडा होता आणि भोवतीच्या ग्रीसमध्ये लोखंडाचा चुरा. टोपी हबबरोबर फिरते, नट अडकवणारी स्प्लिट पिन जागच्या जागी राहते. आत आलेला पोचा दर फेऱ्याला पिनीच्या टोकावर घासत होता. चर्र आवाज तेवढाच होता. खरं नुकसान त्याच्या मागे होतं.

ग्रीस दुधाच्या चहासारखं झालेलं, त्यात तांबड्या मातीचा गाळ. बाहेरच्या बेअरिंगच्या कपावर (बाहेरच्या कड्यावर) रोलरच्या अंतराने काळे खड्डे पडले होते. खारं पाणी आत जाऊन गाडी उभी राहिली की असेच खड्डे पडतात. पाणी गेलं कसं, ते रस्त्यावरून कळतं. दापोलीकडून दाभोळला उतरताना ब्रेक सतत लागतात, ड्रम तापतो, हबमधली हवा फुगून फटीतून बाहेर पडते. मग जेट्टीच्या उतारावर भरतीची लाट चाकावर येते, हब एकदम गार होतो, आणि बाहेर गेलेल्या हवेच्या जागी पाणी ओढलं जातं. टोपी घट्ट असती तर या पाण्याला वाट मिळाली नसती.

ब्रेक ओढण्याचं कारणही तिथेच सापडलं. टोपी काठोकाठ ग्रीसने भरून ठोकली होती. ग्रीस तापून पातळ झालं, पुढे जागा नाही म्हणून मागच्या नमद्याच्या (फेल्टच्या) सीलमधून बाहेर आलं आणि ब्रेक शूजवर पसरलं. नमदा दाब धरत नाही. जास्त ग्रीस म्हणजे जास्त काळजी, हा समज मला मनापासून खुपतो. टोपीच्या आत गंज धरू नये म्हणून बोटाने पातळ लेप द्यायचा, बस.

दोन्ही बेअरिंगं कप-कोनसकट (कोन म्हणजे रोलर बसवलेलं आतलं कडं) बदलली, नमदा नवा, शूज नवे. जुनं ग्रीस रॉकेलने पूर्ण धुतलं, कारण वेगळ्या जातीची ग्रीसं एकमेकांत मिसळली तर पातळ पडू शकतात. लिथियमचं ग्रीस तळहातावर घेऊन कोन त्यावर दाबत नेला, रोलरच्या दुसऱ्या टोकातून ते बाहेर येईपर्यंत. हब हाताने फिरवत नट ५ फूट-पौंडांपर्यंत आवळला आणि एक पैलू मागे घेतला. डायल गेज लावून पाहिलं, खेळ ४ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आला. २ ते ८ थाऊ चालतो. टेपर बेअरिंग अगदी घट्ट ठेवलं की ते तापून जातं. स्प्लिट पिन नवी, पाय आखूड कापून नटावर चपटे बसवलेले.

टोपी नवी घेतली. पोचा ठोकून बाहेर काढता येतो, पण लांबट झालेला काठ पुन्हा गोल होत नाही. हबच्या तोंडावरचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढला. गंजाचा कणही राहिला तर टोपी तिरकी जाते. आधी टोपीत ओल्या कणकेची गोळी चिकटवून ती हाताने दाबून पाहिली. पिनीचा ठसा उमटला नाही, म्हणजे अंतर पुरेसं होतं. गोळी काढून टोपी पुसली.

ठोकायला पाइपाचा तुकडा वापरतो. डोकं पाइपाच्या आत राहावं आणि पाइपाची कड टोपीच्या काठावर बसावी, एवढा व्यास. कड लेथवर काटकोनात करून घ्यावी, नाहीतर पहिल्याच ठोक्याला टोपी कलते. लाकडी मोगरीने हलके ठोके द्यायचे, मध्ये मध्ये हब पाव फेरा फिरवायचा. सुरुवातीला आवाज पोकळ येतो. काठ टेकला की भरीव, ठक्क. तिथे थांबायचं. नंतर फिलर गेजची २ थाऊची पाती काठाभोवती फिरवून पाहिली, कुठेच शिरली नाही. डाव्या चाकाची टोपी जरा सैल निघाली, ती टोपीही बदलली. काठाला पंच मारून सैल टोपी अडकवता येते, पण खाऱ्या हवेत त्या टिपक्यांपासूनच गंज सुरू होतो.

गाडी गुहागरला नेऊन आणली. दोन्ही हब हाताला सारखेच कोमट लागले, ब्रेक सरळ लागला. मालकांना एवढंच सांगितलं, "काका, दाभोळला उतरलात की जेट्टीच्या वरच गाडी दहा-पंधरा मिनिटं उभी करा. हब निवला की मगच बोटीकडे न्या."