सोडियम दाबलं की आरपार दिसतं!!

शाळेतलं सोडियम आठवतंय ना, रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेलं, सुरीने कापलं की आत चकचकीत आणि बघता बघता काळवंडणारं. पक्का धातू. आता हेच हवेच्या दाबाच्या साधारण २० लाख पट दाबलं तर काय होईल? कोणीही म्हणेल अणू अजून जवळ येतील, वीज अजून जोरात वाहील. होतं नेमकं उलटं, ते चक्क पारदर्शक होतं आणि वीज वाहायची बंद! २००९ मध्ये यानमिंग मा, ओगानोव्ह, एरेमेट्स वगैरे शास्त्रज्ञ मंडळींनी हे दाखवलं, आधी चमक जाऊन काळं पडतं आणि २०० गिगापास्कलच्या (म्हणजे त्याच २० लाख पट दाबाच्या) आसपास आरपार दिसायला लागतं.

कारण मला भारी आवडतं. आकारमान पाचपट कमी झालं की अणूंचे आतले इलेक्ट्रॉन एकमेकांना भिडायला लागतात, मग बाहेरच्या बिचाऱ्या मोकळ्या इलेक्ट्रॉनला तिथे थाराच उरत नाही, ते अणूंच्या मधल्या फटींमध्ये ढकलले जातात आणि तिथेच अडकून बसतात, हलता येत नाही म्हणजे वीज नाही, आणि धातूची चमक पण त्या मोकळ्या इलेक्ट्रॉनमुळेच असते, तीही गेली.

एवढा दाब आणायला मशीन मात्र हातात मावेल एवढं असतं, दोन हिऱ्यांची टोकं समोरासमोर आणि मधे कणभर सँपल. हिरा पारदर्शक, त्यामुळे आत काय चाललंय ते थेट मायक्रोस्कोपने बघता येतं. १९५८ च्या सुमारास अमेरिकेतल्या सरकारी लॅबमध्ये हे पहिल्यांदा बनलं तेव्हा स्मगलरांकडून जप्त केलेले हिरे वापरले होते म्हणे, सरकारी खात्यात बजेट असं जुळवतात 😄

बरं फक्त दिसणं बदलतं असं नाही. मीठ म्हणजे एकास एक सोडियम क्लोरीन हे आपण घोकलंय, पण २०१३ मध्ये दाबाखाली एकास तीन आणि तीनास एक अशीही संयुगं बनवली. आणि २०१७ ला तर सोडियमबरोबर चक्क हेलियम, जो कुणाशीच बोलत नाही तो! म्हणजे व्हॅलन्सीचं ते पाठांतर फक्त आपल्या एक वातावरण दाबापुरतं.

पारदर्शक सोडियम बाहेर काढून दाखवता मात्र येत नाही, दाब सोडला की परत धातू. हिराही प्रचंड दाबाखालीच बनतो, पण त्याचं तसं नाही, नियमाने बघितलं तर आपल्या दाबाला त्याचं ग्रॅफाइट व्हायला हवं पण तेवढी एनर्जी मिळत नाही म्हणून तो तसाच राहतो.