काकूंच्या पर्समधली जेलची ट्यूब

द्राक्षांची खुडणी सुरू झाली की आमच्या मेडिकलवर निफाड-दिंडोरीकडच्या गिऱ्हाइकांची गर्दी वाढते. माल नाशिकला घेऊन यायचं, डॉक्टरांना दाखवायचं आणि औषधं घेऊनच परतायचं. मी फार्मासिस्ट आहे, गंगापूर रोडला काउंटर सांभाळते. उन्हानं रापलेले, फवारणीनं पुरळ उठलेले चेहरे रोजचेच आहेत. त्या दुपारी आलेल्या काकूंचा चेहरा बघून मात्र मी हातातलं काम ठेवलं. गाल, नाक, हनुवटी लालबुंद, आणि लालीला चक्क कड होती. जिथवर काहीतरी चोपडलंय, तिथवरच लाल.

कडेवर दीड-दोन वर्षांचा नातू. चिठ्ठी पुढे करत म्हणाल्या, "ताई, ही ट्यूब संपत आली, दुसरी द्या. आन् माझी जाऊ लावती ती गोरं व्हायची क्रीम पण द्या. लई आग होती तोंडाची."

चिठ्ठीवर ब्रिमोनिडिन जेल होतं, ०.३३ टक्के, रोज सकाळी एकदा. रोझेशियाच्या, म्हणजे चेहरा सतत लाल राहण्याच्या त्वचेच्या आजाराच्या, लालीसाठी त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेलं. तारीख बघितली. वाटाण्याएवढं पाच ठिकाणी, म्हणजे कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन गाल, असं लावलं असतं तर ट्यूब इतक्यात संपायला नको होती.

"काकू, दिवसातून किती वेळा लावता?"

आधी "सांगितलंय तसंच" म्हणाल्या. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिल्या दिवशी जेल लावलं आणि अर्ध्या तासात चेहरा साफ. कितीतरी वर्षांनी आरशात स्वतःला असं बघितलं, हे सांगताना त्यांचा आवाज बदलला. भाचीच्या साखरपुड्यात सगळ्यांनी विचारलं, काय लावलं म्हणून. संध्याकाळी लाली परत आली, तशी त्यांनी पुन्हा लावलं. दुसऱ्या दिवशी लाली पहिल्यापेक्षा जास्त, म्हणून थर जाड केला. मग कुणी तरी सांगितलं म्हणून मुलतानी माती घासून धुतलं, गालाची सालपटं निघाली, आणि त्या सोललेल्या कातडीवर परत तेच जेल.

हे औषध रोझेशिया बरा करत नाही, हे गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी कळायला हवं असं माझं ठाम मत आहे. चेहऱ्याच्या कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, त्यांना हे काही तास आवळून धरतं. लावल्यावर तीन ते सहा तास जोर, मग उतार, आणि बारा तासांत बहुतेक असर संपतो. संध्याकाळी लाली परत येणं म्हणजे औषध फसलं असं नाही. पण काही जणांत ती आधीपेक्षा भडकून येते, आणि त्यावर आणखी जेल चोपडलं की माणूस त्याच चक्रात फिरत राहतो. काकू त्यातच अडकल्या होत्या.

बोलता बोलता त्यांनी काउंटर घट्ट धरला. "उठलं की भवंडल्यासारखं होतंय दोन दिवस." मी स्टूल पुढे सरकवलं. ब्लड प्रेशरची गोळी चालू आहे का, विचारलं. होती. पर्समधून पाकीट काढून दाखवलं, अटेनोलॉल. तेव्हा मात्र मला काळजी वाटली. ब्रिमोनिडिनचेच थेंब काचबिंदूला डोळ्यात घालतात. रक्तात उतरलं तर हे औषध नाडी आणि रक्तदाब दोन्ही खाली आणू शकतं. अटेनोलॉलही तेच करतं. चिडलेल्या, सोललेल्या कातडीतून ते जास्त आत जातं, म्हणून अशा कातडीवर ते लावूच नये. मशीन लावलं, नाडी अठ्ठेचाळीस.

मी डॉक्टरांना फोन लावत होते, तेवढ्यात नातवानं उघड्या पर्समधून ट्यूब उचलली आणि टोपणाकडची बाजू थेट तोंडात घातली. टोपण अर्धवट लागलेलं. मी काउंटरवरून हात घालून ती ओढून घेतली. पोर रडायला लागलं, काकू दचकल्या. त्याचं तोंड उघडून बघितलं, ओठ-जीभ पुसली. जेल लागलेलं नव्हतं. माझे हात मात्र थरथरत होते, कारण या जेलच्या माहितीपत्रकात लिहिलेली एक गोष्ट मी विसरू शकत नाही. औषधाच्या चाचणीत भाग घेतलेल्या एका व्यक्तीच्या दोन लहान मुलांनी ते चुकून गिळलं. त्यांच्यात सुस्ती आली, नाडी मंदावली, श्वास थांबायला लागला, श्वासासाठी घशात नळी घालायची वेळ आली. दुसऱ्या दिवशी दोघंही सुखरूप घरी गेली, पण रात्र दवाखान्यात काढून.

डॉक्टरांनी दोघांनाही लगेच बोलावलं. दुकानातला पोरगा रिक्षा घेऊन आला आणि सोबत गेला. जाताना काकूंनी विचारलं, "मग ती जावेची क्रीम?" ती देणार नाही, असं मी सरळ सांगितलं. तशा क्रीममध्ये बहुतेकदा स्टिरॉइड असतं. चेहऱ्यावर दोन दिवस बरं वाटतं, पण लावत राहिलं की कातडी पातळ होते आणि रोझेशियासारखीच लाली, पुरळ उठतात. २०१८ मध्ये सरकारनं अशी अनेक मलमं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांच्या यादीत, घातली, तरी ती सर्रास हातोहात फिरतात, याची मला चीड आहे.

ईसीजी काढला, जेल बंद झालं, दिवसभर लक्ष ठेवलं. दुसऱ्या दिवशी नाडी सुधारली. नातवाला काहीच झालं नाही.

पुढे काकू नवी चिठ्ठी घेऊन आल्या: मेट्रोनिडॅझोल जेल, सनस्क्रीन आणि साधं मॉइश्चरायझर. बागेत जाताना ओढणी आणि टोपी दोन्ही, चहा कोमट, तिखट रस्सा थोडे दिवस बंद. लाली पूर्ण गेली नव्हती, पण कडा पुसट झाल्या होत्या. भाचीचं लग्न वैशाखात होतं. त्या दिवसापुरतं जुनं जेल लावू का, असं त्यांनी विचारलं. "त्वचेच्या डॉक्टरांना आणि बीपीच्या डॉक्टरांना, दोघांनाही विचारा, आणि दोघांसमोर अटेनोलॉलचं पाकीट ठेवा," मी म्हटलं. त्यांनी ते मला चिठ्ठीच्या मागे लिहून द्यायला लावलं.