पाण्याचा सण, आणि पाण्याखाली गेलेली गावं

बॉस्टनकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींनो, मुलांना घेऊन एकदा चेस्टनट हिलच्या वॉटरवर्क्स म्युझियमला नक्की जाऊन या. सायन्स म्युझियम झालं, अॅक्वेरियम झालं की आपली यादी संपते आणि हे राहूनच जातं. आम्ही परवाच्या रविवारी गेलो, मुलांसाठी खास पाण्याचा दिवस ठेवलेला होता, आणि तेव्हापासून डोक्यात जे चाललंय ते लिहून काढतेय.

तळ्यासमोर दगडी इमारत आहे, १८८७ च्या आसपासची, लांबून चर्चच वाटतं. ते खरं तर पंपिंग स्टेशन, १९७० च्या दशकापर्यंत चालू होतं, आणि २०११ मध्ये त्याचं म्युझियम केलं. आत गेलं की वाफेवर चालणारी प्रचंड इंजिनं. त्यातलं लेव्हिट नावाचं १८९४ चं इंजिन तीन मजले उंच आहे, शेजारी उभं राहून मान पार मागे टाकावी लागते. दिवसाला दोन कोटी गॅलन पाणी उचलून टेकडीवरच्या हौदात चढवायचं आणि तिथून पाणी आपल्या वजनाने उतरत घराघरात. मोठमोठी चाकं, पितळेचे भाग, आणि सगळं इतकं देखणं बनवलेलं की बनवणाऱ्यांना पाण्याबद्दल आदर होता हे कळतं. आता पंपाला कोण एवढं सजवतं?

मुलांसाठी टेबलं मांडली होती. कापलेल्या बाटलीत कापूस, वाळू, खडी असे थर भरायचे, वरून गढूळ पाणी ओतायचं. धाकट्याने घाईघाईत वाळू कमी भरली तर पाणी भसकन खाली आलं तसंच चहासारखं, मग तिथल्या आजोबांनी त्याला वाळू नीट दाबून भरायला लावली आणि दुसऱ्या वेळी थेंब थेंब पडायला लागले, तो अर्धा तास हलला नाही. दुसऱ्या टेबलावर मायक्रोस्कोप. १८८९ मध्ये इथे चेस्टनट हिललाच पाण्यातले बारीक जीव तपासायची लॅब सुरू झाली होती, जॉर्ज व्हिपल नावाचा तरुण माणूस ती बघायचा, शहराच्या पाण्यात काय काय आहे ते रोज मोजायचं म्हणजे त्या काळात केवढी पुढची गोष्ट!

पण मला सगळ्यात आवडली ती १८४८ ची गोष्ट. तोपर्यंत बॉस्टनचं बरंचसं भागायचं विहिरींवर आणि पावसाच्या पाण्याच्या टाक्यांवर. मग लांबच्या कोचिट्युएट तलावातून पाणी आणलं, आणि २५ ऑक्टोबर १८४८ ला अख्ख्या शहराने सण केला. मिरवणूक, तोफा, घंटा, शाळेतल्या मुलांची गाणी, आणि बॉस्टन कॉमनवर लोटलेली गर्दी. मेयर जोसाया क्विन्सी यांनी लोकांना विचारलं, पाणी आत घ्यायचं का? सगळे ओरडले, हो! आणि फ्रॉग पाँडमधून कारंजं उडालं, ८० फूट. नळाला पाणी आलं म्हणून शहर आनंदाने वेडं झालं, हे मुलीला समजेना. मला लगेच समजलं, टँकर आला की धावणारी गल्ली आपण पाहिलेली आहे.

त्यानंतर शहर वाढत गेलं, तहान वाढत गेली, आणि पाणी आणखी लांबून आणावं लागलं. आज आमच्या नळाला जे पाणी येतं त्यातलं बरंचसं क्वाबिन नावाच्या धरणाच्या तलावाचं, बॉस्टनपासून साधारण ६५ मैल पश्चिमेला. त्या एका तलावासाठी डेना, एनफिल्ड, ग्रीनविच आणि प्रेस्कॉट ही चार गावं कायद्याने पुसली गेली. सुमारे अडीच हजार माणसं उठली. साडेसात हजारांच्या आसपास कबरी उकरून दुसरीकडे नेल्या. २७ एप्रिल १९३८ च्या रात्री एनफिल्डच्या टाउन हॉलमध्ये निरोपाचा नाच होता, आत जागा नाही म्हणून लोक बाहेरही उभे, बाराचे ठोके पडले आणि ती गावं कागदावर संपली. हॉलमध्ये माणसं रडत होती. म्हणजे एकाच पाण्याचे दोन समारंभ, एक शहरातला आणि एक गावातला, नव्वद वर्षांच्या अंतराने.

इथे मी अडकले, कारण माझ्या आजीचं माहेर कोयनेच्या काठचं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी चढलं आणि तिची माणसं उठून सांगलीकडच्या माळावर गेली. क्वाबिनचे ४१२ अब्ज गॅलन म्हणजे आपल्या हिशोबात साधारण ५५ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि कोयना १०५! जवळजवळ दुप्पट. ते पाणी डोंगराच्या पोटातून पोफळीला जातं, वीज करतं आणि वाशिष्ठीला मिळतं. त्या विजेवर महाराष्ट्र उभा राहिला हे आपण शाळेत अभिमानाने शिकलो, आणि शिकायलाच हवं. पण गावांची नावं नाही शिकलो. धरण भरलं की जलपूजन होतं, साडी-चोळी, नारळ, पेपरात फोटो. त्या पूजेला उठलेल्या गावांच्या लोकांना पहिल्या रांगेत बसवायला काय हरकत आहे? साठ वर्षं झाली तरी पुनर्वसनाची प्रकरणं पूर्ण मिटलेली नाहीत, माणसं अजून आंदोलनाला बसतात, हे मला खरंच सहन होत नाही.

डेना गावाचा मधला भाग पाण्याखाली गेला नाही, पाणलोटात येतो म्हणून रिकामा केला. तिथे आजही चालत जाता येतं, घरांचे पाये दिसतात, आणि ज्यांनी आपली घरं दिली त्यांच्यासाठी एक दगड लावलाय. पानं रंगली की आम्ही जाणार आहोत. मुलीनेच ठरवलं.

घरी आल्यावर तिने सांगलीच्या मामाआजोबांना व्हिडिओ कॉल लावला आणि सरळ विचारलं, तुमच्या जुन्या गावात कोण कोण राहायचं? ते क्षणभर गप्प, आणि मग जे सुरू झाले, वरच्या आळीपासून एकेक घर, कोणाच्या दारात फणस, कोणाच्या विहिरीचं पाणी गोड, नदीवर उतरायची वाट कुठून. ती वहीत काढत होती, चुकीच्या जागी घर काढलं की ते रागवायचे, अगं ते देवळाच्या अलीकडे! नकाशा अर्धाच झालाय, खालची आळी पुढच्या रविवारी.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी कोयना खोऱ्यातल्या जुन्या गावांचे फोटो असतील, लग्नातले, जत्रेतले, मागे नुसतं घराचं दार दिसत असेल तरी चालेल, तर प्लीज मला पाठवा. मोबाइलवर काढून पाठवले तरी पुरे. मामाआजोबा ८३ वर्षांचे आहेत, त्यांना दाखवून माणसं ओळखून घ्यायची आहेत.